दीड पोतं बियाणं

बंडखोर आले त्या दुपारी बाइंदूने आधी बियाणं रानात नेलं आणि दुसऱ्या फेरीत सासूला. दीड पोतं साळ डोक्यावर घेऊन ती मोठ्या वारुळापर्यंत पळाली, पोती पाचोळ्यात सारली आणि परत येऊन जेब्बे म्हातारीला पाठुंगळी घेतलं. तोवर न्यांदेहून गावाच्या वरच्या आळीतली छपरं पेटली होती. म्हातारी वाचली, पण फेऱ्यांचा क्रम ती विसरली नाही. पुढे रानात काढलेल्या चौदा महिन्यांत कुणी तब्येत विचारली की ती सांगे, "माझं काय विचारता, मी साळीच्या मागून आलेली."

"आई, तुम्ही ओरडू शकत होतात," बाइंदू म्हणे. "साळीला तोंड कुठंय?"

"ओरडलेच होते मी."

"ऐकलं ना मग. आलेच ना परत?"

त्या चौदा महिन्यांत गावाने रानातले कडू कंद खाल्ले, तीन पाण्यांतून उकळून. पामच्या झाडाचा गाभा खाल्ला. एकदा परदेशी मदतीचा भरडलेला गहू आला, तोही खाल्ला. बाइंदूने त्यातला मूठभर पेरून पाहिला, उगवला नाही. साळीला मात्र तिने कुणाला हात लावू दिला नाही. मधल्या पावसाळ्यात ओहोळाकाठी चार हात जागा खणून तिने जुन्यातलं थोडं बी पेरलं, नवं काढलं आणि सगळं राख घालून पत्र्याच्या पिंपात भरून पुरलं. बी तिच्या आईच्या गावचं होतं. दलदलीत कमरेइतकं पाणी चढलं तरी ही साळ पाण्याच्या वर मान काढून उभी राहते. डोंगरउतारावरचं बी तिथे कुजतं, आणि उतारावर आता भूसुरुंग होते.

तिचा नवरा वांदी रानात एकदाच म्हणाला होता, "एक डबाभर कांडू या का? आईला पेज होईल."

"पुढच्या वर्षी आईला काय देणार?"

वांदीने पुन्हा विचारलं नाही. तो न विचारणाऱ्यांपैकीच होता. लढाईच्या आधी तो पामच्या झाडांवर चढून फळं उतरवायचा. वरून जे दिसे ते खाली आल्यावर कुणाला सांगायचा नाही, म्हणून गावात त्याला मान होता.

मग शिकाऱ्यांचं दल उभं राहिलं. सरकारी सैनिक आणि बंडखोर यांच्यातला फरक ओळखायला बूट बघावे लागत, आणि अलीकडे बूटही सारखेच असत. तेव्हा आपलं गाव आपणच राखायचं असं ठरलं. जुने शिकारी होतेच, नवे दीक्षा घेऊन झाले. तीन दिवसांच्या वाटेवर एक मोठा गुरू होता. तो अंगाला औषधी पाणी लावायचा, मंत्र घातलेला तपकिरी सदरा द्यायचा. त्यावर आरशाचे तुकडे, चामड्याच्या पुड्या आणि कवड्या शिवलेल्या असत. मग गोळी लागली तरी पाणी होऊन खाली पडे. अट एवढीच, की नेम पाळायचे. केळं खायचं नाही. लुटलेलं खायचं नाही. आणि कामगिरीवर असताना बाईचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. झाला की पाणी उतरलं, आणि गुरूकडे जाऊन सगळं पहिल्यापासून.

वांदीनेही दीक्षा घेतली. दल गावात आलं, लोक रानातून परतले, जळक्या भिंतींवर पामची झावळं टाकून राहू लागले. दलाच्या लोकांची कामगिरी संपत नव्हती, त्यामुळे गावातल्या चौदा बायकांना नवरे होते आणि नव्हतेही. बाइंदू दुपारी कसावा कंदाच्या पाल्याची भाजी थाळीत घालून ओंडक्यावर ठेवी, पाच पावलं मागे सरके; मग वांदी येऊन बसे आणि खाई.

"मासाचे बाबा, मानेवर गोचीड आहे तुमच्या." मासा ही त्यांची लेक, तिला शहरात मावशीकडे पाठवलं होतं.

"असू दे."

"फुगलीय चांगली. काढते."

"हात लावायचा नाही!" तो थाळी घेऊन उठलाच.

"मग तिलाही सांगा ना. रक्त पिणारी मादी असते म्हणे."

वांदी गोचिडीचा विचार करत तसाच उभा राहिला. संध्याकाळपर्यंत त्याने ती स्वतःच कशीतरी काढली आणि मानेवर मोठा ओरखडा घेऊन फिरला.

दलाचा कमांडर होता कपाना. पूर्वी तो तालुक्याच्या फुटबॉल सामन्यांत पंच होता. शिट्टी अजून गळ्यात होती, ताविजांच्या मधोमध. गावाच्या वाटेवर त्याने वेलीची दोरी आडवी बांधली होती आणि ती राखायला एका वेळी सहा जण लागत. बाकीचे आठ त्या सहांना विश्रांती मिळावी म्हणून आंब्याखाली थांबत. त्यामुळे खाचरातलं गवत कापायला, बांध घालायला, चिखल करायला पुरुष उरले नाहीत. पूर्वी ही कामं पुरुषांची होती. आता कुणी त्याबद्दल बोलायचं नाही असा एक नेम जणू आपोआप झाला होता.

बायकाच दलदलीत उतरल्या. बाइंदू आणि शेजारची तेन्ने जोडीने काम करत. जळलेल्या लष्करी ट्रकच्या पट्ट्या तोडून लोहाराने कुदळी केल्या होत्या. लोखंड चांगलं होतं, पण जड. आखूड दांडा, त्यामुळे पाठ जमिनीला समांतर ठेवून दिवसभर. पायाला जळवा. दुपारपर्यंत हात खांद्यापासून वेगळे झाल्यासारखे वाटत.

"माझा लान्साना म्हणतो, नदीपलीकडे बंडखोरांना एकदा हाणलं की लढाई संपली," तेन्ने म्हणाली. लान्साना तिचा नवरा, दलात होता, गावातला सगळ्यात देखणा पुरुष असं तिचं मत होतं आणि इतरांचंही.

"मागच्या महिन्यातही संपणार होती."

"तेव्हा पाऊस आला ना."

"आता बी भिजवायचं परवा," बाइंदू म्हणाली. "दोन दिवस भिजवलं, एक दिवस झाकलं की मोड. माझं लावून उरेल तो रोपांचा तरवा तुझ्या खाचराला. तू फक्त चिखल तयार ठेव."

"अन् कुणाला कळलं तर?"

"कुणाला कळतंय? पिंप कुठंय ते फक्त मला ठाऊक, अन् आईला."

यातला दुसरा भाग बाइंदूने नीट विचार करून बोलायला हवा होता.

कपाना हा मोठ्यांशी अदबीने वागणारा माणूस. दुसऱ्या दिवशी तो वस्तीतून फिरत होता. दारात जेब्बे म्हातारी वेताची टोपली विणत बसलेली दिसली, तेव्हा त्याने वाकून विचारलं, "आजी, तब्येत काय म्हणते?"

"माझं काय विचारतोस बाबा," जेब्बे म्हणाली. "मी साळीच्या मागून आलेली."

"कुठली साळ, आजी?"

पुढचं सगळं म्हातारीने सांगितलं. कुणी इतक्या आपुलकीने ऐकून घेऊन तिला फार दिवस झाले होते.

तेन्ने बांधावरून धावत आली तेव्हा बाइंदू गुडघाभर चिखलात होती.

"बाइंदू! तुझं पिंप उपसलं! पोती चावडीत नेलीत. उखळं मागवलीत, आम्हा सगळ्यांना कांडायला बोलावलंय. उद्या नदीपलीकडे चाल करून जायचंय, लान्साना सांगत होता."

बाइंदूने कुदळ बांधावर ठेवली. हात धुतले नाहीत. धुवायचे राहून गेले की मुद्दाम ठेवले, हे गावात पुढे पुष्कळ चर्चिलं गेलं.

चावडीला छप्पर नव्हतं, नुसते खांब. मधोमध एक भरलेलं आणि एक अर्धं अशी दोन पोती, आणि भोवती दलाचे चौदा जण. कोपऱ्यात तीन उखळं आणि मुसळं घेऊन बायका गप्प बसलेल्या. कपानाने तिला पाहून हात वर केला.

"ये बाइंदू. गाव तुझं नाव काढेल."

"ते पेरायचं आहे, कमांडर."

"पेरायचं कशाला? नदी पार केली की पलीकडे कोठारं आहेत. चौदा माणसं उपाशीपोटी लढतील का?"

"लुटलेलं खायचं नाही असा तुमचा नेम आहे."

"ही लूट नाही. मदत आहे."

"मी केली नाही."

"तुझ्या सासूने केली. घरात मोठं कोण? ती."

चावडीच्या पायरीपर्यंत कुणाच्या तरी आधाराने आलेली जेब्बे म्हणाली, "मी तब्येत सांगत होते रे मेल्या!"

बाइंदू वाद घालायला फारशी हुशार नव्हती. तिने एकदा पोत्यांकडे बघितलं, एकदा आपल्या हातांकडे. कोपरापर्यंत काळा चिखल होता. मग तिने दोन्ही हात समोर धरले, झोपेतून उठलेलं माणूस अंधारात भिंत चाचपतं तसे, आणि सरळ चालू लागली.

पहिला बाजूला झाला तो लान्साना. त्याच्या मागचे दोघे एकमेकांवर आपटले. एकजण खांबावर चढू पाहत होता, पण खांब जळका होता. यातल्या चौघांनी गेल्या वर्षी कोयत्यांनी मशीनगन हिसकावून घेतली होती, हे खरं आहे आणि त्यांच्याबद्दल बोलताना सांगितलंच पाहिजे. गोळीला ते भीत नव्हते. पण ही गोळी नव्हती, आणि बाईवर बंदूक उचलायची नाही हाही नेमच होता. क्षणभरात पोत्यांभोवती मोकळं रिंगण पडलं. उखळांपाशी कुणीतरी फिसकन हसलं.

"वांदी!" कपाना ओरडला. "पोत्यावर पाय ठेव. हलायचं नाही."

वांदी पुढे आला. भरल्या पोत्यावर त्याने उजवा पाय ठेवला. बाइंदू त्याच्यापुढे एका हातावर येऊन थांबली. सहा महिन्यांत इतक्या जवळून तिने त्याला बघितलं नव्हतं. मानेवरचा ओरखडा पिकला होता.

"बाजूला व्हा," ती म्हणाली.

"हुकूम आहे."

"मी हात लावीन हां."

"बघतोय मी."

"मासाचे बाबा, मी खरंच लावीन. मग तुमचं पाणी उतरेल. उद्या गोळी लागली तर—"

"मी हलणार नाही," वांदी म्हणाला. आवाज मोठा नव्हता. एकोणीस वर्षांच्या संसारात खोटं बोलताना तो डावा कान खाजवतो हे तिला माहीत झालं होतं. आत्ता त्याचे दोन्ही हात खाली होते.

तिने दोन्ही तळवे त्याच्या छातीवर ठेवले, आरशांवर, कवड्यांवर, आणि ढकललं. तो चिखलात बसल्यासारखा जमिनीवर बसला. सदऱ्यावर दहा बोटं उमटली. कपानाने शिट्टी फुंकली. का फुंकली हे त्यालाही सांगता आलं नसतं. इतकी वर्षं कुणी पडलं की तो फुंकत आला होता.

मग तिने भरलेलं पोतं डोक्यावर घेतलं, अर्धं काखेत मारलं आणि निघाली. कुणी आडवं आलं नाही.

वांदीला त्याच संध्याकाळी सदरा उतरवायला सांगितलं. गुरूकडे जाऊन पुन्हा दीक्षा घेतल्याशिवाय त्याला दोरीजवळही उभं राहता येणार नव्हतं. तो घरी आला, उघड्या अंगाने ओंडक्यावर बसला. बाइंदूने थाळी आणून त्याच्या हातात दिली आणि जवळच बसली.

"मी हललो असतो तर..." तो म्हणाला.

"तर काय?"

"काही नाही. मीठ जास्त झालंय."

सकाळी तेरा जण उकडलेला कसावा खाऊन नदीकडे गेले. चौथ्या दिवशी दहा परतले. लान्साना त्यांत नव्हता. कपाना स्वतः दंडाला चिंध्या बांधून आला आणि चावडीत उभा राहून म्हणाला की औषध चोख होतं, नेम चोख होते. पण निघण्याच्या आदल्या दिवशी दलावर बाईचा हात पडला. त्याने नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

गावाला हे पटलं. माझ्या मते गावाला काहीतरी पटायला हवंच होतं. बाइंदू विहिरीवर गेली की बायका घागरी अर्ध्याच भरून निघून जात. वांदीला पाहून लोक म्हणत, "हा बघ, बायकोच्या हाताने वाचलेला," आणि ते कौतुक नव्हतं. जेब्बेला आता कुणी तब्येत विचारत नव्हतं.

तेन्नेने डोकं भादरलं, पांढरं कापड गुंडाळलं आणि रीतीप्रमाणे चाळीस दिवसांसाठी घरात बसली. बाइंदू तिच्या दाराबाहेर जाऊन जमिनीवर टेकली. दाराला झावळीचा पडदा होता.

"तेन्ने."

आतून आवाज आला, "त्यांनी ती साळ खाल्ली असती तर?"

"तर पोट भरून गेले असते. गोळी तीच होती, तेन्ने."

"पोट भरून गेला असता तरी चाललं असतं मला. कसावाचं एक कांडं खाऊन गेला. तेही अर्धं माझ्यासाठी ठेवून."

बाइंदू तिथेच बसून राहिली. शेवटी आतून तेन्ने म्हणाली, "जा तू आता," तेव्हा उठली आणि खाचराकडे गेली, कारण बी भिजत घातलेलं होतं आणि ते कुणासाठी थांबणार नव्हतं.

बी चांगलं निघालं. मोड आलेली साळ तिने वाफ्यात फेकली, पक्ष्यांसाठी वांदी दगड घेऊन बसला. आठवड्यात वाफा हिरवा झाला. तीन आठवड्यांत तरवा वीतभर उंच. एरवी लावणीला वीस बायका एकत्र येतात, आज हिच्या खाचरात, उद्या तिच्या. एक गाते, बाकीच्या वाकून ओळ धरतात. यंदा बाइंदूने घरोघर जाऊन सांगितलं. सगळ्या म्हणाल्या, येऊ. एकही आली नाही.

म्हणून तिघंच. जेब्बे बांधावर बसून रोपांच्या मुठी बांधायची, वांदी त्या चिखलात फेकायचा आणि नंतर लावायचाही. झाडावर चढणाऱ्या माणसाला खाली वाकायची सवय नसते. त्याची ओळ साप गेल्यासारखी जायची. पाऊस पाठीवर कोसळत होता. सहाव्या दिवशी त्यांचं अर्धं खाचर लागलं, आणि बाइंदूने उरलेल्या तरव्यातून निम्म्या मुठी टोपलीत भरल्या.

"कुठं?" वांदीने विचारलं.

"तेन्नेच्या खाचरात."

"आपलं अर्धं राहिलंय."

"तरवा म्हातारा होतोय. तिचं पाणी आत्ता आहे, नंतर वाहून जाईल."

"ती घेणार नाही."

"मी तिला विचारायला चालले नाहीये."

"अन् आपल्याला पुरलं नाही तर?" जेब्बेने विचारलं.

"तर कंद खाऊ, आई. तुम्हाला कंदाचा सराव आहे."

म्हातारीने थोडा वेळ मुठी बांधल्या आणि म्हणाली, "मग मला तिथवर उचलून न्या कुणीतरी. मुठी बांधायच्या कुणी?" वांदीने तिला पाठुंगळी घेतलं.

तेन्नेने चिखल तयार ठेवला नव्हता. गवत गुडघ्यापर्यंत माजलं होतं. ते कापून, कुजायला दाबून, पुन्हा कुदळून घ्यायला तीन दिवस गेले. कुदळीच्या दांड्याने बाइंदूच्या तळव्यांची साल निघाली. तिने त्यांवर पामतेल लावलं आणि फडकं गुंडाळलं. वाटेने जाणाऱ्या बायका थांबून बघत, मग जात. चौथ्या दिवशी लावणी सुरू झाली. पाचव्या दिवशी दुपारी खाचराचा दोन तृतीयांश भाग हिरवा होता.

त्याच सकाळी चाळीस दिवस पुरे झाले होते. म्हाताऱ्या बायकांनी तेन्नेला नदीवर नेऊन अंघोळ घातली होती, पांढरं कापड सोडवलं होतं. दुपारी ती बांधावर येऊन उभी राहिली. डोक्यावर केसांची काळी सावली, अंगात जुनं निळं कापड. बाइंदूने तिला पाहिलं, पण पाठ सरळ केली नाही. सरळ केली असती तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

तेन्नेने एकेक ओळ बघितली.

"ही ओळ कुणी लावली?"

"मासाच्या बाबांनी," बाइंदू म्हणाली.

"दिसतंच आहे."

वांदी हातातली मूठ घेऊन तसाच उभा राहिला. तेन्नेने कापड मांड्यांपर्यंत वर खोचलं, चिखलात उतरली आणि त्याच्या ओळीच्या सुरुवातीला गेली. त्याने लावलेली रोपं तिने एकेक करून उपटली, चिखलात मुळं हलवून घेतली आणि पुन्हा लावली, वीतभर अंतरावर, सरळ.

"इतकं दाट लावतात का कुणी? लोंबीत दाणा भरायला जागा नको?"

"मी सांगितलं होतं त्यांना."

"तू सांगितलंस," तेन्ने म्हणाली, आणि हातातलं रोप तसंच धरून वाकलेली राहिली. थोड्या वेळाने पुन्हा हात चालू लागले. ओळीच्या शेवटी हातातली रोपं संपली, तेव्हा वर न बघता तिने डावा हात मागे पसरला. बाइंदूने एक मूठ उचलली, फडकं गुंडाळलेल्या हाताने तिच्या तळहातावर ठेवली आणि शेजारची ओळ धरली.